जुन्या नावाचं काय होतं?

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कोणी तोंडावर सांगायला नको. एका गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये मी अशी सोय लिहिली होती की एखाद्या गोष्टीला नवीन नाव दिलं की तिचं जुनं नाव त्याच घडीला मरून जावं. ही चूक आहे हे मला लिहिताना कळलं नाही, लिहून झाल्यावर कळलं नाही, आणि साता समुद्रापलीकडच्या एका बाईनं सरळ प्रश्न विचारला तेव्हाही कळलं नाही. उलट मी तिलाच शिकवायला गेले. नंतर तीच चूक मी आणखी एकदा केली, पण मशीनवर नाही. ती सांगताना अजून जीभ जड होते, म्हणून ही आधी सांगते. माझी नात चार वर्षांची आहे. घरातल्या भांड्याकुंड्यांना रोज नवं नाव ठेवते. कुकरचं नाव सध्या शिट्टीमावशी आहे, परवापर्यंत ढोलाबाई होतं. पण मी परवाचं नाव घेतलं तरी तिला बरोबर समजतं की आजी कुकरबद्दल बोलून राहिली आहे. या पोरीच्या डोक्यात जे आपोआप आहे ते माझ्या डोक्यात एम.एस्सी. करूनही शिरलं नव्हतं, आणि वरून मी स्वतःला हुशार समजत होते.

आमचं घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या लांबट खोलीत टायपिंगचा क्लास, मागं दोन खोल्या, न्हाणी आणि अंगणात एक बदामाचं झाड. क्लास आमच्या यांचा. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सरच म्हणायचे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम मला त्यामुळं फुकटात पाळता आला. सकाळी सातला दहा टाइपरायटर एकदम सुरू व्हायचे, टिनावर गारा पडाव्यात तसे. रस्त्यापलीकडं राइस मिलचा पट्टा धडधडायचा, आणि या दोन्हींच्या वर मामीजींचा आवाज चढायचा. मामीजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना कोणाला बोलवायचं असलं की त्या उठून जात नसत, जागेवरून हाक मारत. मिल चालू असली तरी ती हाक न्हाणीपर्यंत ऐकू येई. मिलचा कोंडा उडून खिडकीच्या गजांवर, टाइपरायटरच्या फितींवर आणि वाळत घातलेल्या कुरड्यांवर सारखाच बसायचा. पुढं सरांनी चार कॉम्प्युटर आणले तेव्हा त्या कोंड्यापासून वाचवायला मामीजींनी जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवल्या. "पोरीच्या फ्रॉकले टाके घालाले मले वेळ भेटत नाई, अन् या डब्याईले चोळ्या शिवून राह्यली मी," असं म्हणत म्हणत शिवल्या, आणि चौघींना वेगवेगळे काठ लावले.

त्या घरात आले तेव्हा मी कुंदा होते. लग्नात तांदळाच्या ताटात सरांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं: शुभांगी. असं सगळीकडंच होतं, त्यात नवल नाही. पण आमच्याकडं त्याला कारणही होतं. मामीजींच्या धाकट्या जावेचं नाव कुंदा होतं आणि तिच्याशी त्यांचं इतकं वाकडं होतं की ते नाव त्या घरात कोणी उच्चारत नसे. कुंदाची फुलंसुद्धा मामीजी 'ते पांढरे' म्हणायच्या. तेव्हा एका कुंदेशी बोलणं बंद असताना दुसरी कुंदा सून म्हणून आणायची म्हणजे नाव बदलणं आलंच. बाकीच्या सुना रडतात म्हणे. मी नाही रडले. खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडलं. कुंदा म्हणजे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झिंगे वाळत घालणारी, शेंबडी, दोन वेण्यांची. शुभांगी म्हणजे कशी रेडिओवर बातम्या देणारी बाई. क्लासातल्या पोरी मला "शुभांगी मॅडम" म्हणायच्या तेव्हा मी पदर नीट करायची. बोलायलाही मी पुस्तकातल्यासारखी लागले, 'मले-तुले' टाकून दिलं. फोन उचलला की अशी काही "नमस्कार, बोला" म्हणायची की चंद्रपूरहून फोन करणाऱ्यालाही वाटावं, आपण चुकून पुण्याला लावला.

माझं माहेर वैनगंगेच्या पलीकडं, गडचिरोलीच्या अंगाला. तलावाचं गाव. बाबा तलावात जाळं टाकायचे, खाली थोडं धान लावायचे. आईचं काम मासोळी निवडायचं; अंगणात पोतं पसरून ती बसायची आणि बोटं अशी चालायची की माझा पुढं टायपिंगचा स्पीड चांगला आला तो तिच्याकडूनच आला असं मी पोरींना सांगायची. तिची हाक लांब होती. पाळीच्या या टोकाला उभी राहून "कुंदेऽऽ" म्हणायची आणि तो आवाज पाण्यावरून घसरत पलीकडं यायचा, तिथं आंब्याखाली मी पुस्तक घेऊन बसलेली असायची. मी ओ द्यायची नाही. तिनं तीन-चारदा बोलवावं, मग उठावं, अशी माझी शान. आज त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाबा मूलच्या बाजाराला आले आणि क्लासच्या दारात उभं राहून म्हणाले, "कुंदा आहे का?" मामीजी आतून म्हणाल्या, "तुमची कुंदा तुमच्या घरी, भाऊ. इथी शुभांगी राह्यते." वाईट म्हणून नाही बोलल्या, त्यांच्या बोलण्यालाच धार होती. बाबा हसले. मीही हसले. बाबा त्यानंतर आमच्या घरी येऊन कधी कुंदाही म्हणाले नाहीत आणि शुभांगीही म्हणाले नाहीत. दारात यायचे आणि विचारायचे, "पोरगी आहे का घरी?" आणि पिशवीतून वाळलेले झिंगे काढून द्यायचे. मामीजी नाकाला पदर लावायच्या, "का वास हा, का वास," म्हणायच्या, आणि दुपारी लाखोळीच्या डाळीत ते झिंगे पडले की दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायच्या.

तर ते सॉफ्टवेअर. एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यात होतं. ओपन सोर्स होतं, म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते सगळं उघडं: वाचा, बदला, चांगलं जमलं तर परत पाठवा, म्हणजे ते सगळ्यांना मिळेल. सरांना हे पटत नसे. "फुकट कोण देते? काही तरी भानगड असंल." मला मात्र लगेच पटलं, कारण आमचा तलाव तसाच होता. कोणीही उतरा, पण पाळ फुटली तर सगळ्यांनी माती टाकायची. बारावीच्या पोरींना मी दुपारी गणित शिकवायची, त्यांना त्या पडद्यावर आलेख काढून दाखवायची. फंक्शन म्हणजे काय हे सांगायला मला लांब जावं लागत नसे, खिडकीतून बोट दाखवलं की झालं: ही राइस मिल, इकडून धान टाका, तिकडून तांदूळ, फंक्शन म्हणजे अशीच गिरणी, इकडून एक आकडा टाका, तिकडून दुसरा निघतो. पोरींना समजायचं. अडचण अशी की त्या सॉफ्टवेअरमध्ये आपण बनवलेल्या फंक्शनला नाव ठेवता येत नसे. मशीन आपलंच त्यांना नंबर लावत जाई: एफ एक, एफ दोन, एफ तीन. आलेखावर पाच रेघा आल्या की एफ तीन कोणती आणि एफ चार कोणती, कोणालाच समजत नसे. मी एकदा बाबांच्या तलावाचं पाणी महिन्यागणिक कसं चढतं-उतरतं त्याचं फंक्शन बनवलं, आणि एक पोरगी म्हणाली, "मॅडम, याचं नाव तलावच ठेवा ना जी." ठेवता येईना. तेव्हा माझ्या डोक्यात किडा शिरला की ही सोय आपणच करायची.

सहा-सात महिने मी त्यात घातले. दुपारी मामीजी लवंडल्या की मी बसायची. दुसऱ्याचा लिहिलेला प्रोग्राम वाचणं म्हणजे दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात मीठ शोधणं. डबे सगळे आहेत, पण तिनं कशात काय ठेवलं ते तिलाच ठावं. एकदा कण्या शिजायला ठेवून मी बसले आणि कण्यांचा कोळसा झाला. मामीजींनी ते पातेलं दोन दिवस न घासता माझ्यासमोर ठेवलं. पण जमलं. 'एफ तीन'ला 'तलाव' म्हण असं सांगितलं की मशीन त्याला तलाव म्हणू लागलं, आलेखावर, उत्तरात, सगळीकडं. मी पोरींना पेढे वाटले. मग इंग्रजीत मोडकं-तोडकं पत्र लिहिलं, सरांच्या ई-मेलवरून पाठवलं, खाली नाव शुभांगी.

त्या सॉफ्टवेअरचा कारभार एक बाई बघत होती, इंग्रिड नावाची. कुठल्याशा बर्फाच्या देशात शिकवायची. मी तिला कधी पाहिलं नाही. ती उंच आहे आणि तिच्याकडं मांजर आहे असं मी मनानं ठरवून टाकलं होतं. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. कल्पना आवडली म्हणाली, आणि खाली एकच प्रश्न: "नवं नाव दिल्यावर जुन्या नावाचं काय होतं?" मी तिला अभिमानानं लिहिलं की काही होत नाही, ते जातं. 'एफ तीन'चं 'तलाव' केलं की 'एफ तीन' म्हणून हाक मारली तर मशीन सांगेल, अशा नावाचं फंक्शन नाही. तिनं विचारलं, मग ज्यांनी आधीच्या पानांवर 'एफ तीन' असं लिहून ठेवलं आहे, त्यांचं काय? यावर मी जे उत्तर लिहिलं ते मला शब्दन्शब्द पाठ आहे, कारण तो कागद मी अजून ठेवला आहे, गर्व चढला की काढून वाचते. "आमच्याकडे नवीन नाव ठेवल्यानंतर जुन्या नावाने कोणी हाक मारत नाही, आणि त्यामुळे कोणाचीही अडचण होत नाही." वरून 'कोणाचीही'खाली रेघ ओढावी तसं मी ते जाड अक्षरात केलं.

इंग्रिडनं दोन ओळी पाठवल्या. अडचण होत नाही हे तुम्ही कोणाला विचारलं? आणि नवीन आवृत्ती येत्या शुक्रवारी बंद होते आहे, तोवर हे सुधारून पाठवता आलं तर पाठवा. मला इतका राग आला की मी भाकरी थापताना तिला मराठीत शिव्या दिल्या. हिला काय समजतं? एका वस्तूला दोन नावं म्हणजे गोंधळ. घरात दोन कुंदा नकोत तशा एका कुंदेला दोन हाका नकोत. सुधारायचं काहीच नाही. उलट मदतीच्या पानावर तीन ओळींत नीट समजावून सांगायचं आणि तसंच पाठवायचं, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर मला त्या यादीत नाव हवं होतं. त्या सॉफ्टवेअरला ज्यांनी काही दिलं त्यांच्या नावांची एक यादी होती, जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांची. त्यात मूलची एक बाई. एवढ्यासाठी मी तो शुक्रवार धरून बसले होते.

शुक्रवारी सर परीक्षेचे फॉर्म घेऊन चंद्रपूरला गेले होते. माझी पोरगी बालवाडीत, मामीजी आत झोपलेल्या, शेवटच्या पोरी एक वाजता गेल्या. दोनला विजेची लाइन जायची, ती संध्याकाळशिवाय येत नसे. म्हणजे माझ्याकडं एक तास. घरात फोन एकच, आणि इंटरनेटही त्याच तारेवर. फोन वापरला की इंटरनेट नाही, इंटरनेट लावलं की फोन बंद. तेव्हा ते लागायचं कसं, तर आधी मोडेमचा डबा कुंई-कुंई करायचा, मग खरखर, मग चिरका आवाज, आणि दहात आठदा मध्येच तुटायचं. मी चारदा लावलं, चारदा तुटलं. पाचव्यांदा लावणार तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला तो कपाळाला आठी घालूनच.

पलीकडून माणूस ओरडत होता. मागं जीपचा हॉर्न, कोंबड्या, बाजाराचा गलका. "हॅलो! कुंदाले द्या! कुंदा आहे का?"

मी माझ्या त्या रेडिओच्या मराठीत म्हटलं, "इथे कुंदा नावाचं कोणी नाही. राँग नंबर आहे."

"अजी बाई, हा मूलचा टायपिंग क्लासच होय ना?"

"क्लासच आहे. पण इथे कुंदा नाही."

पलीकडं कोणीतरी काही पुटपुटलं, आणि मी फोन ठेवला. ठेवला आणि लगेच डबा चालू केला. या खेपेला लागलं. पुढं मी कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली की मला वाटलं तो फोन मामीजींच्या जावेसाठी असेल. ते खोटं आहे. मला कोणीच वाटलं नाही. ते नाव कानात शिरलं आणि आत कुठंही जाऊन लागलं नाही, परक्या गावाच्या एसटीची पाटी वाचावी तसं. लाइन जाईपर्यंत मी ती तार अडवून बसले. पत्र गेलं. मी उठून स्वतःसाठी चहा केला, साखर दीड चमचा जास्त घातली.

रविवारी सकाळी माहेरच्या गावचा एक माणूस क्लासच्या दारात आला. त्यानं नाव घेतलंच नाही, "सरांची मिसेस आहे का?" असं विचारलं, म्हणून त्याला मी लगेच सापडले. म्हणाला, "परवा तुह्या माईले लकवा मारला. गडचिरोलीले नेलं आहे. तुह्या बापानं फोन केला होता म्हनते, भेटली नाई का?" माझ्या हातात खडू होता. तो मी फळ्याच्या कडेवर नीट ठेवला, हे मला आठवतं.

सर आणि मी दुपारच्या बसनं गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबा भिंतीला टेकून बसले होते, उकिडवे, जाळं दुरुस्त करताना बसतात तसे, फक्त हातात जाळं नव्हतं. आत आई. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात चादरीवर दुसऱ्याच कोणाचा तरी ठेवल्यासारखा. मला तिनं ओळखलं. डोळे माझ्यावर आले आणि तिथंच राहिले. ओठ हलले, आवाज आला, पण त्यात अक्षर नव्हतं. बाबा मागोमाग आत येऊन खाटेपाशी बसले आणि म्हणाले, "शुक्रवारी बोलत होती. झिंगे निवडता निवडता तोंड वाकडं झालं, पन बोलत होती. दिवसभर एकच. कुंदा आली का, कुंदा आली का. शनिवारी पहाटे दुसरा झटका आला. तवापासून अशी."

इथं एक गोष्ट आहे जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. तिथं, आईच्या पायाशी, सर शेजारी उभे असताना, मी बाबांवर चढले. "फोन काऊन नाई केला मले?" कित्येक वर्षांनी माझ्या तोंडात 'मले' आलं, आणि आलं ते खोटं बोलायला. चोरी पकडली जाऊ नये म्हणून मी आधी ओरडून घेतलं. बाबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "केला होता, बाई. लागला नाई." सर म्हणाले, "आपली लाइन बेकारच आहे." मला इतकं हायसं वाटलं की मी दवाखान्याच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

आई त्यानंतर चार वर्षं जगली. खायची, हसायची, उजव्या हातानं माझ्या पोरीची वेणी ओढायची. बोलली कधीच नाही. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची, तिच्याजवळ बसून झिंगे निवडायची. एकदा मुद्दाम पाळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन आंब्याखाली बसले, चाळिशीकडं झुकलेली बाई, मांडीवर काही नाही. काय ऐकू येणार होतं? पलीकडं कोणीतरी कपडे आपटत होतं.

इंग्रिडचं पत्र त्या धामधुमीत येऊन पडलं होतं. महिनाभरानं उघडलं. तिनं माझा बदल घेतला नव्हता. तिच्याकडच्या एका शिक्षकानं तो वापरून बघितला, तर त्याच्या जुन्या पानांवरची एकही गोष्ट चालेना. जिथं तिथं मशीन म्हणत होतं, अशा नावाचं फंक्शन नाही. तिनं मला रागावलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की घाई नाही, पुढच्या आवृत्तीत घेऊ. मी त्या दुपारी बसले आणि सुधारलं. नवं नाव लागू राहील, आणि जुन्या नावानं बोलवलं तरी तेच फंक्शन ओ देईल. अकरा ओळी लागल्या. इंग्रिडशी मी ज्याच्यावरून भांडत होते ते अकरा ओळींचं काम होतं, आणि तेही अवघड नव्हतं. एक छोटी वही ठेवायची, त्यात जुनं नाव आणि त्याच्यासमोर नवं. कोणी जुनं विचारलं की वही बघायची. कोणत्याही बालवाडीच्या बाईला सुचलं असतं.

ते घेतलं गेलं. इंग्रिडनं विचारलं, यादीत नाव कोणतं टाकू? मी कुंदा असं टाइप केलं. बघितलं. वाटलं, आजवरची पत्रं शुभांगीच्या नावानं गेलेली, पोरी ओळखतात ती शुभांगी, सर छापून काढतील ते कोणाला दाखवतील? खोडलं. शुभांगी लिहिलं. सरांनी ते पान खरंच छापून काढलं, चंद्रपूरहून लॅमिनेट करून आणलं आणि क्लासच्या भिंतीवर, फळ्याच्या वर लावलं. सर अभिमानानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. माणूस मनानं चांगलाच. मामीजींनी त्या चौकटीला हळदकुंकू लावलं. "आमची शुभांगी बाहेरदेशात छापून आली," असं त्यांनी बाजारभर सांगितलं. ते सॉफ्टवेअर आता कोणी वापरत नाही. पण शोधलं तर ती यादी अजून कुठंतरी सापडते, जावयानं मला मोबाइलवर काढून दाखवली होती. चाळीसेक नावांत एक शुभांगी.

चौकट लागली त्याच उन्हाळ्यात बाबा मूलला आले. तलाव आटत आला होता, मरळ सापडली होती, ती पानात गुंडाळून आणली होती. मामीजी मासा घेऊन आत गेल्या, "का वास हा," सुरू झालं. क्लासात कोणी नव्हतं, खोळी घातलेले चार डबे फक्त. बाबा हात धुऊन आले आणि भिंतीवरच्या त्या चौकटीसमोर उभे राहिले. म्हणाले, हे कायचं होय? मी सांगितलं, बाहेरदेशी माझं नाव छापून आलं, ते. "कुठी आहे?" बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी बाकावर चढले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "का लिहिलं आहे तिथी?" मी म्हटलं, "शुभांगी."

बाबांनी ते बोट बघितलं, मग मला बघितलं. आवाज खाली होता, आत मामीजींना जाऊ नये इतका.

"त्या दिवशी फोनपाशी मीच होतो, बाई. मले फोनवर बोलता येत नाई म्हून बूथवाल्याले बोलाले लावलं, अन् कान मी लावून होतो. तुहा आवाज मले नाई समजनार का? त्याले म्हटलं, ठेव बापा. घरी येऊन तुह्या माईले सांगतलं, फोन लागला नाई. सायकल ढकलत घरी येता येताच मनाशी म्हटलं होतं, पोरगीच म्हनते कुंदा नाई इथी, तं नसंल."